बोटाला कळलं पाहिजे

बेंगळुरू,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सलाम.

प्लास्टर निघालं का? फोनवर विचारलं तर "हो, बरंय" म्हणालास आणि लगेच कोंबड्यांच्या सर्दीवर घसरलास. म्हणून कागद काढला. मिशनच्या वसतिगृहात रविवारी घरी पत्र लिहिल्याशिवाय ताट मिळायचं नाही, तेव्हा आपण दोघांनी त्या नियमाला किती शिव्या घातल्या होत्या. आता फोन हातात असूनही रविवार आला की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिवाय तू फोनवर थापा मारतोस, कागदावर मारत नाहीस, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

हवाई दलातला सार्जंट, विमानं उघडून पुन्हा जोडणारा, आणि नाताळच्या सुट्टीत चरणमाळच्या घाटात मोटारसायकलवरून घसरून मनगट मोडून घेतो! इथं सांगितलं तर लोक हसतात. मला हसू येत नाही. उजवा हात आहे रे तो.

माझं विचारशील तर मला एका जागी बसवत नाही. डबा उघडते, दोन घास खाते आणि उठून फेऱ्या मारते. आम्ही आखतोय त्या लढाऊ विमानाचं नाव, आकडे, चित्रं लिहिता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. कुठल्याही मासिकात छापून येतं तेवढंच लिहिते.

रडारच्या लाटा विमानावर आपटून परत गेल्या की शत्रूला ते दिसतं. त्या भलतीकडे वळाव्यात म्हणून विमानाचं अंग तिरकं घडवायचं. पण तसलं अंग हवेला मानवत नाही, त्यामुळे हवेच्या गटातली माणसं रडारच्या गटाशी रोज भांडतात. क्षेपणास्त्रं पंखाखाली टांगली तर लांबून दिसतात, म्हणून ती पोटात ठेवायची. मग इंधनाला जागा उरत नाही आणि पल्ला घटतो. इंजिनाची फिरती पाती समोरून दिसू नयेत म्हणून हवा आत नेणारी नळी वाकडी करायची. ती वाकडी केली की वजन वाढतं आणि इंजिनाला हवा कमी जोराने मिळते. एकाच्या पानात वाढायचं तर दुसऱ्याच्या पानातलं काढावं लागतं. सगळे हुशार, सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि रोज कुणीतरी चिडून खुर्ची मागे सारून निघून जातं.

माझ्या वाट्याला आली आहेत दारं. देखभालीसाठी विमानाच्या अंगावर जी झाकणं असतात, ती. झाकण म्हटलं की त्याच्याभोवती फट आली, आणि फट रडारला दिसते. म्हणून झाकणं कमीत कमी आणि लहानात लहान ठेवायची, त्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या कापायच्या आणि वरून लाटा शोषणारा लेप द्यायचा. झाकण उघडलं की लेप तुटतो. तो पुन्हा लावून वाळेपर्यंत विमान जमिनीवर बसून राहतं.

माझ्या खोलीत राहणारी अतिका आपल्या नंदुरबारचीच. ती रडारच्या गटात आहे. काल जेवताना मला म्हणाली, "तुन्हं एक दार वाढनं की मन्हं सहा महिनानं काम पाणीमा गयं." हसत म्हणाली, पण गमतीने नव्हे.

हाताचं खरं लिही. बाबांना आणि वहिनीला सलाम.

तुझी,
एस्तेर


नवापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय एस्तेर,
सलाम.

अक्षर सुषमाचं, तुझ्या वहिनीचं आहे हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. प्लास्टर निघालं, पण मनगट अवघडलेलं आहे, पेन धरलं की कळ येते. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुटेल. तोवर मी सांगतो आणि ती लिहिते. तिचं अक्षर आपल्या दोघांपेक्षा चांगलं आहे आणि ते तिला माहीत आहे. (माहीत आहे. – सुषमा)

तुला तिथं बसवत नाही, मला इथं. सकाळी उठून कोंबड्यांच्या शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. बाबा म्हणाले, पिल्लं घाबरतात, तू बाहेर रस्त्यावर जाऊन चाल. मग हायवेच्या कडेला उभा राहून सुरतेकडे जाणाऱ्या ट्रकांच्या इंजिनांचे आवाज ऐकतो आणि कुणाचं काय बिघडलंय ते मनात सांगत बसतो. माणसं विचारतात, "सुट्टी वाढली का?" हो म्हणतो.

मे महिन्यात मेडिकल बोर्ड आहे. हात पास झाला तर पुन्हा विमानावर. नाही झाला तर भांडारात बसवतील, आले-गेले सुटे भाग लिहून ठेवायला. एस्तेर, टेबलामागे बसवलं तर मी वेडा होईन. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे. पण ती वेळ येणार नाही. हात चांगला होतोय.

तुझ्या दारांबद्दल. मी ज्या जुन्या विमानावर काम करतो त्याला नुसती दारंच दारं. पाहिजे ते उघडा, समोर सगळं मांडून ठेवलेलं. आमचे वैमानिक चेष्टा करतात की रडारवर ते धान्याच्या गोदामाएवढं दिसत असेल. चेष्टा करतात आणि शिडी चढतात. चढताना माझ्याकडे बघून अंगठा दाखवतात, मी दाखवतो, की झालं. तो माणूस परत खाली उतरेपर्यंत मी चहा पीत नाही, ही माझी जुनी खोड सुषमालाही माहीत नाही. (आता कळली. – सुषमा)

तेव्हा माझ्या मते दार लहान ठेवून तो माणूस परत येणार असेल तर ठेव लहान. आमची कोपरं खरचटतील, तेवढं चालतं.

तुझा दादा,
विनोद


बेंगळुरू,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सलाम.

"कोपरं खरचटतील" हे तुझं वाक्य मी आठवडाभर चघळतेय. खरचटण्यावर भागलं असतं तर मी झोपले असते.

असं बघ. लपणाऱ्या विमानाला आपली उष्णताही लपवावी लागते. जुन्या विमानासारखी भोकं ठेवून ती बाहेर सोडता येत नाही. म्हणून आतल्या यंत्रांची उष्णता इंधनातच सोडायची, आणि ते तापलेलं इंधन नळ्यांमधून फिरत राहतं. अशा एका नळीच्या जोडावर एक पकड आहे. ती मिटली की तिची जीभ खाचेत बसते. नीट बसली नाही तरी बसल्यासारखीच वाटते, आणि मग वर गेल्यावर थरथरीने सुटू शकते. गरम इंधन, बंद पोट, शेजारी शस्त्रं. पुढचं लिहीत नाही.

ही पकड माझ्या एका झाकणामागे आहे. झाकण इतकं लहान केलंय की हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. मनगट वळवून, मधल्या नळीला वळसा घालून, नुसतं चाचपून ती मिटायची. जीभ बसली की नाही ते बोटाच्या टोकाला कळलं पाहिजे.

संगणकात आम्ही एक माणूस उभा केलाय. त्याचा हात जातो. पण त्याला घाम येत नाही, त्याला घाई नसते आणि त्याचा साहेब मागे उभा नसतो. मी म्हटलं, खऱ्या तंत्रज्ञांना बोलावून लाकडी नमुन्यावर चाचणी घेऊ या. प्रमुख म्हणाले, ती चाचणी ऑगस्टमध्ये ठरलेलीच आहे. पण आराखडा मार्चच्या पहिल्या आठवड्यात कायम होणार. त्यानंतर झाकण वाढवायचं म्हणजे आतल्या सांगाड्याची बरगडी कापायची, इंधनाची टाकी आखडायची आणि अतिकाच्या गटाने सगळी गणितं पुन्हा करायची. मग कुणी वाढवणार आहे का? मी एकटी आक्षेप धरून बसले आहे. सगळे माझ्याशी लहान मुलीशी बोलावं तसं बोलतात.

म्हणून दादा, माझं एक काम कर. तुला माप पाठवत नाही. पत्रेवाल्या निजामचाचांकडून एका पत्र्याला भोक पाडून घे, तुझं मनगट गेल्यावर भोवती अर्धं बोट जागा राहील एवढं. मागे टिचकन मिटणारी कुठलीही पकड बसव, पेटीच्या कडीची चालेल. मध्ये एक नळी आडवी धर. आणि न बघता ती मिटून बघ. संगणकातल्या माणसावर माझा विश्वास नाही. तुझ्या हातावर आहे. दुखत असेल तर मुळीच करू नकोस.

अतिका कालही बोलली नाही. मी तिच्यावर चिडू शकत नाही. ती म्हणते, तंत्रज्ञाला दुसऱ्यांदा हात घालता येतो, वैमानिकाला रडारवर दुसऱ्यांदा लपता येत नाही.

तुझी,
एस्तेर


नवापूर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय एस्तेर,
सलाम.

पत्र मिळालं त्याच दिवशी निजामचाचांकडे गेलो. ते कोंबड्यांची खाद्याची भांडी ठोकत बसले होते. भोक पाडून हातात देताना म्हणाले, "भाऊ, हाई कशानं काम शे? इतल्या भोकमा कोंबडी बी मुंडकं घालावाव नही." मी म्हटलं, बहिणीचं काम आहे, ती इंजिनिअर आहे. मग त्यांनी कडा घासून गुळगुळीत करून दिल्या आणि तुला दुवा सांगितली.

पत्रा शेडच्या दाराला उभा बांधला. जुन्या ट्रंकेची कडी काढून मागे एका फळीवर बसवली, आणि मध्ये पाण्याच्या पाइपचा तुकडा. हातमोजा घातला, डोळे मिटले.

तर ऐक. हात जातो. पहिल्यांदा पाइपाला अडकला, मग वळण सापडलं. कडी मिटली. पुन्हा उघडून पुन्हा मिटली. दरवेळी बसली. चाचपून काम करणं आमच्यासाठी नवीन नाही, अंधारात बटण लावतो तसंच ते. सवयीचा हात असेल तर तुझं दार पुरेल. उगाच सगळ्यांशी वैर घेऊ नकोस. तू एकटी पडलीस की कशी होतेस ते मला वसतिगृहापासून माहीत आहे, जेवत नाहीस.

आणि माझ्या हाताचीही त्यात परीक्षा झाली. पास. बाबा बघत होते, त्यांना बरं वाटलं. संध्याकाळी त्यांनी प्रार्थनेत माझ्या हातासाठी आभार मानले.

तुझा दादा,
विनोद


बेंगळुरू,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय दादा,
सलाम.

बैठक झाली. मी आक्षेप मागे घेतला.

प्रमुखांनी विचारलं, "आता समाधान झालं?" मी म्हटलं, "झालं. अनुभवी हाताला जमतं." तुझं नाव घेतलं नाही, पण मनात तुझाच हात होता. रडारचा गट टाळ्या वाजवायचाच बाकी होता. अतिकाने संध्याकाळी मला ओढत बाहेर नेऊन भेळ खायला घातली आणि पहिल्यासारखी बडबड केली. दोन आठवड्यांनी पोटभर जेवले. आराखडा कायम. माझं दार लहानच राहिलं, टाकी जशीच्या तशी, पल्ला जसाच्या तसा.

मग मला अजून बसवत का नाही? काम संपलं, भांडण संपलं, तरी मी खोलीत चपला घालून फिरतेय. अतिका म्हणते, तुला भांडणाची चटक लागली आहे. असेल.

एक विचारायचं राहिलं. हातमोजा जाड घेतला होतास ना? आणि जीभ बसल्याचं तुला नेमकं कशाने कळलं, आवाजाने की बोटाने? आवाज धरायचा नाही. धावपट्टीवर काही ऐकू येत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पुढच्या रविवारी तुझ्या स्वतःच्या अक्षरात चार ओळी पाठव. पकड मिटता येते तर पेनही धरता येत असेल आता.

तुझी,
एस्तेर


नवापूर,
बुधवार, १९ मार्च २०२५

प्रिय एस्तेरबाई,
सलाम.

हे पत्र माझं आहे. यांना माहीत नाही. हे बाबांबरोबर बाजारात गेलेत तेवढ्यात लिहून टाकते.

तुमचं मागचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं नाही. उशीखाली ठेवलं होतं. मी वाचलं, माफ करा. मला वाटलं होतं, ते पत्र्याचं म्हणजे तुम्हा भावंडांची काहीतरी गंमत आहे. तुम्ही त्यावर बैठकीत शब्द द्याल हे मला ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक असावं.

त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना काही कळत नाही. मनगट मोडलं तेव्हा शीर दाबली गेली. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर येणारही नाही. बोटं हलतात, वस्तू धरतात, पण काय धरलंय ते बघितल्याशिवाय समजत नाही. बाबांनाही सांगितलेलं नाही. जानेवारीच्या शेवटी नवीन पिल्लं आली तेव्हा त्यांना ऊब देणाऱ्या शेगडीच्या पत्र्यावर हे बोटं टेकवून माझ्याशी बोलत उभे होते. मला जळका वास आला. मी ओरडले तेव्हा त्यांनी हात काढला, आणि मग हाताकडे बघितलं. फोड आले होते. त्या दिवशी ते रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

आता पत्र्याचं. हात भोकातून जात होता हे खरं. पण पत्र्याच्या मागची बाजू उघडी होती आणि मी मागे उभी होते. हे मिटल्या डोळ्यांनी कडी दाबायचे आणि मला विचारायचे, "बसली?" मी बघून सांगायची, नाही, अजून. ते पुन्हा दाबायचे. बसली म्हटलं की हात काढायचे. बऱ्याचदा त्यांना वाटायचं बसली, आणि बसलेली नसायची. पत्र सांगताना त्यांनी मला गाळलं. लिहिणारी मीच होते, मीही गप लिहून टाकलं, कारण बाबा इतके खूश होते आणि बोर्डाची तारीख जवळ येत होती.

त्यांना रागावा, पण टाकून बोलू नका. ते विमानाशिवाय काय करतील याची मला रोज भीती वाटते.

तुमची,
सुषमा


बेंगळुरू,
मंगळवार, २५ मार्च २०२५

दादा,

आज मंगळवार आहे. रविवारपर्यंत थांबता आलं नाही.

मला सगळं कळलंय. वहिनीवर एक शब्द काढलास तर मी पुढच्या गाडीने नवापूरला येईन आणि बाबांसमोर बोलेन.

मी किती चिडले आहे ते लिहायला लागले तर कागद फाटेल. तुला नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं होतंस. "मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला विचार" एवढं एक वाक्य. मी तुला भाऊ म्हणून विचारलं नव्हतं रे, तंत्रज्ञ म्हणून विचारलं होतं. आणि तू मला तंत्रज्ञ म्हणून उत्तर दिलं नाहीस. मी सगळ्यांसमोर उभी राहून "अनुभवी हाताला जमतं" म्हणाले. कुणाच्या हाताला? वहिनीच्या डोळ्यांना जमत होतं ते!

चिडून झालं की शेगडीचं आठवतं आणि मग मला काही सुचत नाही. तू जानेवारीपासून हे एकट्याने गिळून बसलास. मी फोनवर विचारत होते आणि तू मला कोंबड्यांची सर्दी सांगत होतास. दादा, मला फार वाईट वाटतंय. हे असं सरळ मी तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

उद्या सकाळी प्रमुखांकडे जाते. सांगणार आहे की माझी खात्री ज्या चाचणीवर होती ती चाचणी धरण्यासारखी नव्हती, म्हणून आक्षेप पुन्हा नोंदवते. कायम झालेला आराखडा उघडायला लावणारी मी पहिलीच असेन. अतिकाला आत्ताच सांगितलं. ती उशी घेऊन शेजारच्या खोलीत गेली.

बोर्डासमोर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्या वतीने कुणाला काही कळवणार नाही. फक्त एवढं डोळ्यांसमोर आण. तू परत विमानाखाली उभा आहेस, हात आत आहे, तुला वाटतंय बसली. मागे वहिनी नाही. आणि तो माणूस शिडी चढताना तुला अंगठा दाखवतोय.

एस्तेर


बेंगळुरू,
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय दादा,
सलाम.

महिना उलटून गेला, तुझं पत्र नाही. ईस्टरलाही नाही. वहिनी फोनवर म्हणते, चालत असतात दिवसभर. मी शेवटच्या ओळीत फार लागेल असं लिहिलं. खरं होतं म्हणून खोडत नाही, पण तुला लागलं याचं मला दुःख आहे.

इथलं सांगते. प्रमुख आधी लालबुंद झाले. "कसली चाचणी, कुणाची?" म्हणाले. मी म्हटलं, एका तंत्रज्ञाची, ज्याला जमलं नव्हतं, आणि मला वाटलं जमलं. मग त्यांनी ऑगस्टची वाट न बघता लाकडी नमुना करून घेतला, मागून पूर्ण बंद, आणि एका तळावरून तंत्रज्ञ बोलावले. धडधाकट हातांचे, तुझ्यासारखेच सवयीचे.

काहींना जमलं. खरंच जमलं, पहिल्या फटक्यात. रडारचा गट माझ्याकडे बघायला लागला आणि मला वाटलं, संपलं, मी उगाच सगळ्यांना वेठीला धरलं. मग दोघांनी हात बाहेर काढून "झालं साहेब" म्हटलं, अगदी खात्रीने, आणि मागची फळी काढून बघितलं तर जीभ खाचेबाहेर. त्यातल्या एकाला तर पटेचना. तो म्हणाला, मला बोटाला लागली होती ती. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. चांगल्या बोटांनाही ती पकड फसवते, दादा. संगणकातला माणूस "झालं" म्हणत नाही, त्यामुळे हे आम्हाला कधी दिसलंच नसतं.

दार मोठं झालं. हाताबरोबर नजरही जाईल एवढं. बदल्यात बरगडी कापली, तिला जोड दिला, वजन वाढलं, टाकी आखडली, पल्ला घटला. आणि करवतीच्या दातांची कड लांबली. अतिकाने मला हिशोब दाखवला नाही, पण तिचा चेहरा दिसत होता. शेवटी कालच बोलली. म्हणाली, "तुन्हा तंत्रज्ञ वाचना. मन्हा वैमानिकनं काय?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. कदाचित ते थोडं इंधन कुणाला तरी कमी पडेल. कदाचित ती लांबलेली कड कुणाला तरी दिसेल. तो माणूस कोण, हे मला कधीच कळणार नाही, आणि यापुढे मी कुठेही बसले तरी हे माझ्याबरोबर असणार. अतिका ऐकत होती. मग तिने तिची उशी परत आणली.

पुढच्या टप्प्यातली दारं माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. शिक्षा नाही म्हणाले. मला आता नळ्यांचे आधार करायचे आहेत.

बोर्ड पुढच्या आठवड्यात ना? काही झालं तरी लिही.

तुझी,
एस्तेर


नवापूर,
रविवार, १८ मे २०२५

प्रिय एस्तेर,
सलाम.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझं मंगळवारचं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. उत्तर लिहायला बसलो की उठायचो. एप्रिलचं आलं तेव्हा त्या दोघांबद्दल वाचलं, "झालं साहेब" म्हणणाऱ्या. त्यांचे हात चांगले होते, ते खोटं बोलत नव्हते. मी बोलत होतो. तो फरक मला रोज टोचत होता.

बोर्डाची मी तयारी केली होती, हेही सांगून टाकतो. तिथं डोळे मिटायला लावून हातात वस्तू देतात आणि ओळखायला सांगतात, हे मला आधी जाऊन आलेल्या एकाने सांगितलं होतं. म्हणून इथं शेडमध्ये बसून मी महिनाभर वजनावरून, आवाजावरून वस्तू ओळखायला शिकलो. नाणं टेबलावरून उचलताना कसं घासतं, बटण कसं हलकं लागतं. सुषमाने मदत करायला साफ नकार दिला, तर एकट्याने केलं. बऱ्यापैकी यायला लागलं होतं.

सुषमा बाहेर बाकावर बसली. मी आत गेलो. डॉक्टर बाई वयाने तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मूठ आवळायला लावली, जोर बघितला, मान हलवली. सगळं चांगलं चाललं होतं. मग म्हणाल्या, डोळे मिटा. त्यांनी टेबलावरून काहीतरी उचललं. उचलतानाच किणकिणलं. दोन चाव्या असलेली कडी. माझ्या बोटांत ठेवायच्या आधीच मला कळलं.

"काय आहे, सांगा."

ओठावर आलं होतं, एस्तेर. एक शब्द बोललो असतो तर पुढच्या महिन्यात मी विमानाखाली असतो. मी बोटं चाळवली. काही नव्हतं तिथं. बोटांत काहीतरी आहे हेसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, "मॅडम, आवाजावरून चावी आहे. बोटांना काही कळत नाही."

त्या म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी पास लिहिणार होते." मी म्हटलं, "म्हणूनच सांगितलं."

विमानावरचं काम कायमचं बंद झालं. भांडारात जायचं आहे, एक जूनपासून. बाहेर आलो तर सुषमा उभी राहिली. माझं तोंड बघून तिला कळलं. गाडीत ती झोपली आणि मी सबंध रस्ताभर डब्यात चालत राहिलो, या दारापासून त्या दारापर्यंत. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मला ते नुसतं दिसत होतं.

तुझा दादा,
विनोद